पांढऱ्यावर पांढरं

चहा गार करून प्यायचा. बुटांच्या नाड्यांना दोन दोन गाठी मारायचा. दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात दुरुस्त करायचा. समोरच्याने एकच शब्द तीनदा वापरला की मान खाजवायचा. ऑफिसात त्याचं नाव पंतोजी पडलं ते त्यामुळेच.

काम वेबसाइट बनवायचं. शोधल्यावर गिऱ्हाइकाचं पान सगळ्यात वर दिसावं, म्हणून मालक एक घाण काम करून घेत. पानाच्या माथ्यावर, फोन नंबराच्याही आधी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच ते शब्द शेकड्यांनी भरायचे. माणसाला दिसत नाहीत, शोधणाऱ्या यंत्राला दिसतात. दर वेळी पंतोजीला उष्टं ताट चाटल्यासारखं वाटे. तरी चाटायचा.

त्याला वाढवलं मावशीने. तिची नजर आता गेल्यात जमा होती. फोनच तिला पानं वाचून दाखवी. एका रविवारी तो गेला, तर तिच्या मांडीवरचा फोन रटाळ सुरात बोलत होता. "स्वस्त डोळे तपासणी, उत्तम डोळे तपासणी, जवळची डोळे तपासणी..."

"अर्धा तास झाला," मावशी म्हणाली. "दवाखान्याचा नंबर सांगतच नाही मेला. लिहिणाऱ्याच्या डोक्यात भुसा भरलाय का रे?"

"असेल."

"तुझ्याच धंद्यातला दिसतोय."

पान त्यानेच भरलं होतं. त्याने नंबर लावून दिला. ते पान आपलं आहे, हे मात्र सांगितलं नाही.

सोमवारी तो मालकांसमोर उभा राहिला. "ते लपवलेले शब्द काढू या. आंधळ्या माणसांना ते ऐकावे लागतात."

"आंधळी माणसं वेबसाइट बघतात होय?" मालक हसले. शेजारची डिझायनरही हसली. "पान खाली घसरलं तर गिऱ्हाईक माझं डोकं खाईल. हात लावलास तर घरी बस."

पंतोजीला त्या हसण्याची किळस आली. स्वतःची त्याहून जास्त. मागच्या वर्षी हाच विनोद त्याने केला होता.

त्याने हात लावला. पानं दोनशे बारा. पहिलं दवाखान्याचं. तीन दिवस तो गुपचूप शब्द पुसत होता. गुरुवारी दुपारी मालकांना कळलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याचा पासवर्ड बंद केला.

तेव्हा अठ्ठेचाळिसावं पान चालू होतं, एका वृद्धाश्रमाचं. वरचे शब्द गेले. खालचे सव्वाशे तसेच राहिले, आणि नंबर त्यांच्याही खाली.