दवाखान्याचं गाणं आणि विमलची घेरी

ज्योतीचा फोन सकाळीच आला. ज्योती ही माझी भाची, विमलची एकुलती एक मुलगी. एरवी ती संध्याकाळी फोन करते, म्हणून तिचं नाव दिसलं तसा हातातलं टाकून फोन घेतला. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. वणीत तिच्या घरासमोरून कोळशाचे ट्रक जातात, त्यांचा आवाज तेवढा येत होता. त्याला आता काही आठवडे झाले. विमल माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. माझ्याआधी ती जाईल असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या काही दिवसांत माणसं भेटतात, तिच्या आठवणी सांगतात, आणि फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात. विमल नर्स व्हायला यवतमाळला गेली होती आणि रक्त पाहून घेरी येऊन पडली, ही ती गोष्ट. आमच्या नात्यागोत्यात ती पाठ नसलेला माणूस सापडणार नाही. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मी रचलेली आहे.

पण आधी गाणं सांगितलं पाहिजे, कारण विमलच्या डोक्यात नर्स शिरली ती गाण्यातून. आमचं गाव पुसदपासून जवळच. गावात पहिला टीव्ही ग्रामपंचायतीत आला. लाकडी पेटीत, कुलपात ठेवलेला. त्यावर आठवड्यातून एकदा दवाखान्याची एक हिंदी मालिका लागायची. तिचं खरं नाव गावात कोणी घेतलं नाही. सगळे 'दवाखाना' एवढंच म्हणत. तिच्या सुरुवातीच्या गाण्यात शब्द नव्हते. आधी सावकाश व्हायोलिन, मग एका बाईचा नुसता आलाप, आणि शेवटी घंटेसारखे दोन-तीन टोल. पंचायतीचा चपराशी गाणं सुरू झालं की आवाज पार मोठा करायचा, कारण गावातल्या बायांसाठी तीच हाक होती. आलाप ऐकू आला की चुलीवरचं उतरायचं, लेकरू काखेत मारायचं आणि निघायचं. आमच्या घरापासून पंचायतीत पोचेपर्यंत गाणं बरोबर संपायचं. विमलला गाणं सुरू होण्याआधी निघता येत नसे. बाबांचं आणि माझं जेवण त्याच वेळी असायचं, आणि वाढायला ती असायची. मी शेवटची भाकर मागायचो तेव्हा तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. मी मुद्दाम म्हणायचो, "थांब वं इमल, थोडं वरण वाढ." गावात तिला सगळे इमल म्हणत. ती वरण वाढायची आणि ओढणी खांद्यावर टाकून पळायची.

त्या मालिकेत एक मोठी नर्स होती. ती कधी आवाज चढवायची नाही. घाबरलेला माणूस आणला की आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि मग काय ते काम करायची. आज दवाखान्याच्या मालिका पाहतो तर डॉक्टरांची भांडणं, त्यांची लग्नं आणि पावलोपावली धडाधड वाजणारं संगीत असतं. सुरुवातीचं गाणं तर गाळून पुढे जायची सोयच करून ठेवली आहे. त्या काळच्या गाण्याला घाई नव्हती. ते माणसाला आधी बसू द्यायचं, श्वास घेऊ द्यायचं, आणि मग दवाखान्याचं दार उघडायचं. विमल धुणं धुताना, कापूस वेचताना तो आलाप गुणगुणायची. गावात कोणाला विळा लागला, कोणाचा पाय पोळला, की ती आपणहून जायची. बाबा कुरकुरत, पण बारावीला बरे मार्क पडले तेव्हा तिने नर्सिंगचा अर्ज भरला, आणि मी तिच्या बाजूने बोललो. तेवढं मात्र खरं आहे. मी नुकताच मास्तर झालो होतो. घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं.

मुलाखतीला मीच तिला एसटीने यवतमाळला घेऊन गेलो. सरकारी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकावर मुली आणि त्यांचे बाप-भाऊ बसले होते. मी विमलला काय काय विचारतील ते शिकवत होतो. तेवढ्यात कुऱ्हाडीने पाय कापलेल्या एका माणसाला दोघं जण उचलून आमच्यासमोरून घेऊन गेले. मी तिला म्हटलं, "तिकडं पाहू नको." ती म्हणाली, "मले काय होते त्यानं?" तिचं हे वाक्य मला ऐकू आलं. त्यानंतरचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होतो, आणि विमलचा चेहरा माझ्यावर वाकलेला होता. ती म्हणत होती, "काही नाही दादा, काही नाही. पडून राय." दाराशी माणूस तिच्या नावाचा पुकारा करत होता. तिने मागे न पाहताच "येतो" म्हणून सांगितलं, पण ती उठली नाही. मी उठून बसेपर्यंत, मला पाणी पाजेपर्यंत पुढच्या मुली आत जाऊन आल्या. मग ती आत गेली तर तिला सांगितलं, तुमचा नंबर गेला, आता पुढच्या वर्षी या.

परतीच्या गाडीत मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो. तिलाच माझी कीव आली असावी. खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली, "पुढच्या साली येऊ नं दादा. आता रस्ता त माहीत झाला." थोड्या वेळाने हसू दाबत म्हणाली, "पण तुले आणाचं नाही. आईले आणीन मी." मीही हसलो.

घरी आलो तर ओसरीवर बाबांजवळ माझ्या शाळेचे हेडमास्तर आणि आणखी एक मास्तर बसलेले. कापसाच्या भावावर बोलणं चाललं होतं. विमल पाय धुवायला न्हाणीकडे गेली. बाबांनी विचारलं, "काय झालं रे? घेतलं का पोरीले?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "कायचं घेते? रक्त पाह्यलं अन् घेरी येऊन पडली ते." हे वाक्य मी ठरवून आणलं नव्हतं. ते माझ्या तोंडात तयारच होतं, एवढंच सांगतो. न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. हेडमास्तर हसले. बाबाही हसले, आणि म्हणाले, "रक्त पाहून पडते, अन् म्हणे नर्स व्हाचं." विमल बाहेर आली, माझ्यासमोरून आत गेली आणि चहा ठेवला. कपात चहा ओतताना तिचा हात स्थिर होता.

पुढच्या वर्षी अर्जाचे दिवस आले तेव्हा घरात कोणी विषय काढला नाही. मीही काढला नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा वणीला कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता, चांगला माणूस. तिचा संसार नीट झाला, तिला कसला त्रास नव्हता, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. पण घेरीची गोष्टही तिच्याबरोबर सासरी गेली. लग्नकार्यात भाजी चिरताना कोणाचं बोट कापलं की लगेच कोणीतरी ओरडायचं, "इमलले भाहीर काढा बाप्पा, नाही त आडवी होईन ते." ती तोंडावर पदर घेऊन सगळ्यांबरोबर हसायची. नवऱ्याचे हात कधी पत्र्याने कापायचे, कधी वेल्डिंगने भाजायचे, तेव्हा मलमपट्टी तीच करायची. ते सगळ्यांना दिसत होतं, तरी गोष्ट काही मरत नव्हती... हसायला बरी गोष्ट असली की खरंखोटं कोण पाहतो?

मागच्या दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेलो. हृदय थकलं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत दिवाणावर ती टेकून बसली होती. ज्योतीने मोबाइलवर ती जुनी मालिका शोधून काढली होती आणि टीव्हीला जोडून दाखवत होती. सवयीने ती गाणं गाळून पुढे नेऊ लागली तशी विमल म्हणाली, "राहू दे वं. ते गाळू नको." पडद्यावर स्ट्रेचरची चाकं दिसली, सलाइनची बाटली दिसली, पायऱ्यांवरून घाईने चढणारे पांढरे बूट दिसले. विमल टक लावून पाहत होती. टोल वाजून गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "असे चित्रं होते काय याले? मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो." ज्योती हसली. मी हसू शकलो नाही. मला ते जास्तीचं वरण आठवलं.

ज्योती चहा करायला उठली तेव्हा मी विचारलं, "इमल, तू त्या दिवशी बोलली काहून नाही?" कोणत्या दिवशी, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, "तू नवा नवा मास्तर झालता. हेडमास्तरच बसले होते समोर. पोरं हसले असते तुले." जरा दम घेऊन म्हणाली, "मले वाटे, तूच सांगशीन बाबाले. आज नाही त उद्या. सालभर वाट पाह्यली मी." मग चहा आला. तिच्या आवाजात राग नव्हता.

तेरवीला वणीत मोठी गर्दी होती. जेवणं झाल्यावर विमलच्या दिरांनी, म्हणजे ज्योतीच्या काकांनी, प्रेमानेच घेरीची गोष्ट सांगितली. रडून डोळे सुजलेल्या बायाही हसल्या. आणि मी... मी तिथे होतो, आणि मी गप्प बसलो. चार माणसांसमोर तोंड उघडायची वेळ आली की माझं काय होतं ते मला याही वयात समजत नाही.

पाहुणे पांगल्यावर बाहेरच्या खोलीत ज्योती, तिची मुलगी गौरी आणि मी उरलो. गौरी बारावीला आहे. तिला नर्सिंगला जायचं आहे, पण ती सारखी मागे-पुढे करते, असं ज्योतीने सांगितलं. मी गौरीला कारण विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "आमच्या घरात चालतच आलंय ना ते, आबा. आजीसारखी मीपण पडली तर? आईचे काका म्हणते, रक्तातच हाये."

मी म्हणालो, "आजी पडली नव्हती. मी पडलो होतो." मग सगळं सांगितलं, या क्रमाने, काही न वगळता. ज्योती भांडी आवरत होती, ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "दुपारी काका सांगत होते तवा तुम्ही होते नं तिथं, मामा?" मी हो म्हणालो. "आई जन्मभर हसली त्या गोष्टीवर," ती म्हणाली, आणि भांडी घेऊन आत गेली.

गौरी मात्र जवळ सरकली. "मग आजीनं काय केलं तेव्हा? तुम्ही पडल्यावर?" मी म्हटलं, माझ्या शर्टाची वरची बटनं सोडली होती, आणि पाय उचलून बाकावर ठेवले होते. मालिकेतल्या नर्सचं पाहून शिकली असेल. "दाखवा नं," गौरी म्हणाली. मी विमलच्या दिवाणावर आडवा झालो. गौरीने माझे पाय धरून लोडावर ठेवले. "असे?" "आणखी थोडे वर," मी म्हणालो. छताकडे पाहत पडून राहिलो. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, ते मी पुसलं नाही.

ज्योती कधी आतून आली ते कळलं नाही. थोडा वेळ दारात उभी राहून पाहत होती. मग आली, एका हाताने माझं डोकं उचललं आणि खालची उशी काढून घेतली.

"घेरी आलेल्याच्या डोक्याखाली उशी ठेवत नाही, गौरी," ती म्हणाली. "आईनं शिकवलं मले." आणि माझं डोकं हळूच खाली टेकवलं.