रोज दोन पानं इंग्रजी

ऑफिसातलं काही सांगायला लागले की माझी मैत्रीण विचारते, तुमच्याकडे कामं कधी होतात? होतात. पण द्राक्षं चार महिने असतात आणि ऑफिस बारा महिने. उरलेल्या आठ महिन्यांत माणसं एकमेकांकडे बघत बसतात, आणि मग असं काहीबाही साठत जातं.

मी पंचवटीत राहते आणि दिंडोरी रोडवरच्या एका पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. मालकांना आम्ही दादा म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात हॉलंडच्या एका खरेदीदाराशी त्यांची व्हिडिओ मीटिंग झाली. तो वीस मिनिटं बोलला आणि दादा वीस मिनिटं "येस, येस" म्हणाले. त्यातल्या एका येसमुळे आम्हाला सगळे खोके पुन्हा पांढऱ्या रंगात छापून घ्यावे लागले.

दुसऱ्या आठवड्यात दादांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची. खरं इंग्रजी क्लासिकमध्येच मिळतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. नियम ठरला. रोज चार वाजता चहाबरोबर दोन पानं, त्यातले अवघड शब्द वहीत, आणि वहीतला शब्द कामात वापरायचाच. वाचणारे चौघं. दादा, मी, मालाची क्वालिटी तपासणारी सुरगाण्याची वैशाली आणि कोल्ड स्टोअरेज सांभाळणारे शिंदेकाका. काका दहावी पास, पण डिक्शनरी बघायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं.

*

डिसेंबरात, सीझनच्या आधी, कोल्ड स्टोअरेजची मशिनं चालवून बघतात. काही बिघाड वाटला तर रजिस्टरमध्ये लिहायचा. काकांनी लिहिलं, "कॉम्प्रेसर नंबर दोन मेलँकली."

मेलँकली म्हणजे उदास. कादंबरीत दर तिसऱ्या पानावर कोणीतरी असायचंच. मी म्हटलं, काका, मेकॅनिकला हे कसं कळणार?

सातपूरहून मेकॅनिक आला. त्याने रजिस्टर वाचलं, कोणाला काही विचारलं नाही, सरळ दोन नंबरपाशी गेला आणि तासाभरात बेअरिंग बदलून बाहेर आला. मला राहवलं नाही. तुम्हाला कळलं कसं, असं मी त्याला विचारलं.

"आवाज तसाच होता," तो म्हणाला.

*

जानेवारीत वैशाली वणीकडच्या एका बागेत माल बघायला गेली. माल वाईट नव्हता, पण एक्स्पोर्टला जाईल असाही नव्हता. एवढं राबलेल्या बागाईतदाराला तोंडावर नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. आदल्याच दिवशी वहीत इंडिफरंट हा शब्द आला होता. आपण तो बेफिकीर माणसाला लावतो, पण आमच्या कादंबरीत त्याचा अर्थ जेमतेम, बरा म्हणण्याइतका. ती हळूच म्हणाली, "भाऊ, माल तसा इंडिफरंट आहे."

त्यांनी मान डोलावली. वैशालीला वाटलं, समजले.

चार दिवसांनी ते पॅकहाऊसवर आले, तेव्हा गेटपाशी बाकीच्या शेतकऱ्यांना सांगत होते, "डिफरंट तर लय जणांचा असतो. आपला इंडिफरंट हाय. मॅडम स्वतः बोलल्या."

वैशाली आता "मध्यम" म्हणते.

*

दादांना "आय डेअर से" फार आवडलं. डेअर म्हणजे धाडस, तेव्हा हा "लहान तोंडी मोठा घास घेतो" अशा नम्रतेचा प्रकार असणार, असं त्यांनी ठरवलं. काकांनी डिक्शनरी बघू का विचारलं, तर गरज नाही म्हणाले. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी प्रत्येक वाक्य त्यानेच सुरू केलं. आय डेअर से, आमची द्राक्षं गोड आहेत. आय डेअर से, कंटेनर सोमवारी निघेल.

खरेदीदाराने शेवटी शांतपणे विचारलं की तुमच्याकडे ज्याला नक्की माहीत आहे असं कोणी आहे का.

मीटिंग संपल्यावर दादांनी डिक्शनरी मागवली. आय डेअर से म्हणजे "बहुतेक".

*

एका कंटेनरमधले काही खोके कोपऱ्यावर चेपलेले निघाले. माफीची मेल लिहायची माझ्यावर आली. सॉरी फारच साधं वाटलं, म्हणून वही उघडली आणि लिहिलं की आम्ही सगळे मॉर्टिफाइड आहोत. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखे, असा तो शब्द.

दहा मिनिटांत हॉलंडहून फोन आला. त्याने आधी सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाला की खोक्यांचं एवढं मनाला लावून घेऊ नका.

दादांनी ती मेल दोनदा वाचली. म्हणाले, "चांगला शब्द आहे. पण सीझनला एकदाच वापरायचा."

*

एप्रिलमध्ये तो खरेदीदार स्वतः आला. पुढच्या वर्षीचा करार होणार की नाही, ते त्या भेटीवर होतं. दादांनी नवा शर्ट घातला होता.

सीझन भरात आल्यावर आमचं वाचन बंद पडलं होतं, पण शिंदेकाका कादंबरी घरी नेऊन पुढे वाचत होते. रोज संध्याकाळी काकूंना मराठीत सांगायचे. तिच्यातली धाकटी मुलगी तापाने अंथरुणाला खिळली होती, आणि नेमकी तिथून पुढची पानं फाटलेली. पंधरा दिवस काकू रोज विचारत होत्या, पोरीचं काय झालं? 

पाहुण्याने कोल्ड स्टोअरेजचे चेंबर बघितले, कागद बघितले आणि रीतीप्रमाणे विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का? दादांनी नाही म्हणून मान हलवली. मागून काका उठले, पुस्तक फाटक्या पानांपाशी उघडून त्याच्यासमोर ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, द गर्ल. हाऊ इज शी?"

दादांनी डोळे मिटून घेतले.

पाहुण्याने चष्मा लावला, पानं उलटली. शाळेत असताना त्याने हेच पुस्तक वाचलं होतं. तो उठला आणि काकांना घेऊन बाहेर गेला. दोघं रिकाम्या लाकडी पॅलेटवर बसले. आम्ही काचेतून बघत होतो. तो हळूहळू बोलत होता, काका मान हलवत होते. मग काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आत आल्यावर पाहुणा दादांना म्हणाला की पुढच्या वर्षीही माल इथूनच घेईन, आणि त्याने पाणी मागितलं.

काका टोपी हातातच धरून दादांसमोर उभे राहिले. अर्ध्या दिवसाची सुट्टी पाहिजे म्हणाले, घरी जाऊन सांगायला लागेल.

दादा म्हणाले, अहो, आज एवढा मोठा पाहुणा आलाय, काकूंना फोन करून सांगा ना.

काका म्हणाले, "फोनवर सांगण्यासारखं नाय, दादा."