खिंडीतला एकशे त्र्याण्णव

डोळ्यांवर पट्टी बांधून मोहिद्दीनला कराड-विट्याच्या मधल्या कुठल्याही वळणावर उभं केलं असतं आणि फोनच्या पडद्यावरचा आकडा कुणी नुसता वाचून दाखवला असता, तरी आपण कुठं आहोत हे त्यानं सांगितलं असतं. प्रत्येक टॉवरला एक आकडा असतो. आकडे थोडे आणि टॉवर फार, म्हणून तेच आकडे लांबलांबच्या टॉवरना पुन्हा द्यावे लागतात. चुकून दोन सारखे आकडे जवळ आले, की एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिल्यासारखं होतं. चालता चालता बोलणाऱ्या माणसाचा फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जायला निघतो, भलत्याच दारात जातो आणि बोलणं तुटतं.

अशा जागा शोधत मोहिद्दीन मोबाइल कंपनीच्या गाडीतून बारा वर्षं फिरला. मांडीवर लॅपटॉप, पुढं काचेखाली चार फोन. वडील रहिमतपुरातून निघून कल्हईची भट्टी घेऊन याच गावांतून हिंडले होते. स्टीलची भांडी आली आणि भट्टी माळ्यावर गेली. मोहिद्दीनला वाटायचं, आपल्या कामाचं तसं होणार नाही. माणसं बोलायची थोडीच थांबणार आहेत!

माणसं बोलायची थांबली नाहीत. गेल्या वर्षी कंपनीनं नवी सिस्टीम आणली. लोकांच्या फोनकडून येणाऱ्या नोंदी वाचून टॉवर आपले आकडे आपणच बदलू लागले. पाच गाड्यांपैकी चार बंद झाल्या. पाचवी मोहिद्दीनची.

कराडच्या ऑफिसातला इंजिनिअर वीरधवल मनानं वाईट नव्हता. म्हणाला, "काका, सिस्टीमला न दिसणारी एक तरी जागा मला दाखवा. महिनाअखेरीला वरच्यांची बैठक आहे. तेवढ्यावर तुमची गाडी राखता येईल."

मोहिद्दीनला ती जागा सापडली. विट्याकडच्या माळावर खोपडेवस्ती आहे. वस्तीत रेंज नाही. फोन करायचा तर वरच्या खिंडीत यावं लागतं, आणि खिंडीत फोनला दोन्ही अंगांचे टॉवर ऐकू येतात. दोघांचाही आकडा एकशे त्र्याण्णव.

वस्तीतली साळूबाई रोज संध्याकाळी खिंडीत यायची. तिचा साईराज मिलिटरीत, पार वरच्या सरहद्दीला.

"एका जाग्यावर हुबं ऱ्हाऊन बोलायचं म्हंत्यात," ती मोहिद्दीनला म्हणाली. "आवं, पोराशी बोलताना माणूस हालणार न्हाई व्हय? जरा पाय उचलला, की त्याचा आवाज गेलाच."

मोहिद्दीननं मोजमाप घेतलं. किती तरी महिन्यांनी त्याला जेवण गोड लागलं. पण वीरधवलनं कागद बघून मान हलवली.

"दिवसाला सातआठ कॉल तुटतात, काका. इतक्या थोड्यांना सिस्टीम गडबड धरत नाही. आणि वरचेही म्हणतील, सातआठ जणांसाठी गाडी ठेवायची?"

"आणि शंभर तुटले तर?"

"तर बोलायलाच नको," वीरधवल फोनमध्ये बघत म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मोहिद्दीन वस्तीवर गेला. साळूबाईनं दारोदार फिरून बावीस माणसं खिंडीत आणली, प्रत्येकाच्या हातात फोन. बाभळीपासून पांढऱ्या दगडापर्यंत बोलत चालायचं, तुटलं की परत लावायचं.

"नाथाजी, बायकोला लाव की रं," साळूबाई शेजाऱ्याला म्हणाली. "येरवी तूच मधी तोडतोस. आज टावर तोडंल."

"तिला कळलं तर ती टावरच उपटून आणंल!" नाथाजी म्हणाला, आणि खिंड हसली.

कॉल तुटला की हात वर करायचा. मोहिद्दीन वहीत रेघ ओढायचा. उन्हं चढेपर्यंत एकशे चाळीस रेघा झाल्या. लोकांना ती जत्राच वाटली. साळूबाईनं त्याला भाकरी आणि खरडा वाढला. त्यानं बायकोला, आख्तरबीला, फोन करून सांगितलं, "गाडी राहील, बघ." तो कॉलही तिथंच तुटला. तीही एक रेघ.

पुरावा आणखी पक्का करावा म्हणून दोन दिवसांनी तो पुन्हा गेला. पडद्यावर एकशे त्र्याण्णव होता. तो पुढं चालत राहिला. पांढऱ्या दगडापाशी आकडा बदलला आणि तीनशे अकरा झाला. तो पाच वेळा बाभळीपासून दगडापर्यंत चालला. एकदाही कॉल तुटला नाही. मग तो दगडावर बसला. बैठकीतल्या माणसांना दाखवायला म्हणून त्यानं जे तुटलेले कॉल जमवले होते, ते आधी सिस्टीमनं वाचले होते.

ऑफिसात वीरधवलनं पडदा त्याच्याकडे वळवला. एक हिरवी ओळ होती.

"चाळीस तासांत आपोआप दुरुस्त, काका. बैठकीत हीच दाखवणार आहेत."

"पण ती माणसं मी गोळा केली."

"यात माणसं दिसत नाहीत. कॉल दिसतात."

"आणि माझी वही?"

वीरधवलनं वही त्याच्याकडे परत सरकवली. "तिथं आता गडबड नाही ना. नसलेल्या गडबडीची वही मी वर कशी पाठवू?"

महिनाअखेरीला मोहिद्दीननं लॅपटॉप, चार फोन आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवून सही केली आणि तो एसटीत बसला. बस सुटल्यावर थोड्या वेळानं साळूबाईचा फोन आला.

"अर्धा तास बोललं बघा पोरगं. मी बोलत बोलत पार दगडाच्या फुडं गेलते. तुमीच केलंसा."

"मी न्हाई मावशी. आपोआप झालंय."

"आपोआप कवा काय हुतंय व्हय? मग आमी बावीस जण काय नाचाय आलतो?"

ती बोलत राहिली, साईराजच्या थंडीचं, त्याच्या सुट्टीचं. बस किती तरी वळणं वळली, पण तिचा आवाज कुठं अडखळला नाही. फोन ठेवल्यावर सवयीनं त्यानं आपल्या फोनच्या पडद्यावरचा टॉवरचा आकडा बघितला. तो आकडा त्याच्या ओळखीचा नव्हता. बस कुठं आली हे कळायला त्यानं काच पुसली आणि दुकानांच्या पाट्या वाचत राहिला.