पुढची रांग, पांढरी साडी

माझा जन्म एकोणऐंशीच्या डिसेंबरातला, अगदी वर्ष संपता संपताचा. माझ्या मैत्रिणीचा ऐंशीच्या जानेवारीतला. अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर आमच्या चाळी पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. दोघींच्या आया पोट सांभाळत एकाच नळावर भांडल्या, आम्ही एकाच बाकावर बसलो, दहावीच्या गणिताला एकत्रच रडलो. मोठी कोण आणि धाकटी कोण, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

तो पाडला लेझीमवाल्या ताईने.

ही ताई काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होती आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतलं मुलींचं लेझीम पथक तिच्या ताब्यात होतं. आमची दहावीची परीक्षा संपली त्या वर्षी पथकात इतक्या मुली झाल्या की गल्लीत मावेनात. ताईने शिट्टी फुंकली आणि फर्मान काढलं, "सत्तर ते एकोणऐंशीवाल्या पुढच्या रांगेत, पांढरी साडी. ऐंशीवाल्या सगळ्या मागे, पांढरा पंजाबी ड्रेस. कटकट नकोय मला!"

मी टुणकन पुढे. मैत्रीण मागे.

"काय गं, आता तुला ताई म्हणायचं का?" ती फुणफुणली.

"म्हण की! आख्खी पिढी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा." काय तो माझा माज!

आमच्यात जयंतीला बायका पांढरी साडी नेसतात. ती अंगावर आली की बायकांत गणती. मला ती हवीच होती, काही झालं तरी हवी होती. आईची सुती साडी नाकारून मी तिला उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात ओढत नेलं. तिथल्या सिंधी शेटने "ले जाओ बेबी, एकदम चालू फॅशन" म्हणत निळ्या काठाची एक पांढरी साडी आमच्या गळ्यात मारली. ती इतकी गुळगुळीत की घडी करून खुर्चीवर ठेवली तरी खाली घसरायची. जयंतीच्या दिवशी आई पिना घेऊन आली.

"पिना लहान पोरींना लागतात," मी म्हणाले. आईने कपाळाला हात लावला.

मिरवणूक निघाली. ढोल जरा थांबला की पुढच्या रांगेत गप्पा सुरू. "चाळीत पहिला टीव्ही आला तेव्हाचं आठवतं का गं?" "आई नामांतराच्या मोर्च्याला गेली ना, मी कडेवर होते!" मीही मान डोलवायला लागले, तर एकीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही कशाला मान हलवतेय? पाळण्यात होती ही!" सगळ्या हसल्या आणि मला पाणी आणायला पिटाळलं. मागे ऐंशीवाल्या नुसत्या खिदळत होत्या. कशावर ते कळत नव्हतं आणि माझा जीव सारखा तिकडे ओढ घेत होता.

बाजाराच्या कोपऱ्यावर ताईची शिट्टी वाजली. खाली बसून उठायचा ठेका. मी बसले. मी उठले, पण निऱ्या काही उठल्या नाहीत.

एका हातात लेझीम, दुसऱ्या हातात पोटाशी धरलेला साडीचा बोळा, आणि खालचा परकर आख्ख्या अंबरनाथला दिसतोय! पुढची रांग ठेका धरून निघूनही गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेवढ्यात मागची रांग येऊन पोचली आणि माझ्याभोवती कडं करून उभी राहिली. मैत्रीण गुडघ्यावर बसून निऱ्या घालू लागली. तिच्या बांगडीला पिनांचा घोस लटकत होता.

"ड्रेसवर एवढ्या पिना कशाला गं तुला?"

"तुझ्यासाठी. तू साडी नेसणार आणि शहाणपणा करून पिना लावणार नाहीस, हे मला माहीत नाही होय?"

मला रडूच कोसळलं. तिने शेवटची पिन खोचली, उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "चला ताई. तुमची पिढी पुढे गेली."

"मसणात जाऊ दे," मी नाक पुसत म्हणाले. "सरक तिकडे, मला जागा दे."