रजेवर पाठवलेला आवाज

“तू स्टेजवर नको. वाईट वाटून घेऊ नकोस, पण फोटो निघणार आहेत. तुझ्या जागी कावेरी जाईल.”

मॅडम हे मराठीत बोलल्या. केबिनमध्ये आम्ही तिघी होतो. मॅडम पुण्याच्या, फ्रंट ऑफिसच्या मॅनेजर. कावेरी रिसेप्शनवरची, कूर्गची, उंच, गोरीपान. तिला मराठी येत नव्हतं. एरवी मॅडम माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. माझ्या मराठीत थोडंऐवजी ‘स्वल्प’ आणि बरंऐवजी ‘सरी’ असं कन्नड यायचं, त्याची त्यांना गंमत वाटायची. त्या दिवशी मात्र त्यांना मराठी बरी वाटली. तिसरीला कळणार नाही म्हणून.

मी “सरी मॅडम” म्हटलं.

मी काळी. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे व्रण तोंडभर. उंची बेताची. मॅडमना जे म्हणायचं होतं ते एवढंच. मला आरशात रोज दिसतं ते.

मी त्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होते. सहा वर्षं. आमचा बोर्ड तळघरात, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला बॉयलर. मागच्या गेटनं आत यायचं, कार्ड पंच करायचं, पिशवी उघडून दाखवायची, जिना उतरायचा. संध्याकाळी त्याच जिन्यानं वर. पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही.

बाहेरून कुणी फोन करून विचारलं की हॉटेलात काय काय आहे, तर मी सांगायची. बागेत मोठी झाडं, झाडांखाली स्विमिंग पूल. तीन रेस्टॉरंट्स, त्यातलं एक चोवीस तास उघडं. हेल्थ क्लब, सॉना, टेनिस कोर्ट. संगमरवरी बाथरूम, बाथरूममध्येही टेलिफोन. विमानतळावर न्यायला गाडी. हे सगळं इंग्रजीत छापलेलं पुस्तक मला पहिल्या दिवशी दिलं होतं. मी ते पाठ केलं. इतकं गोड बोलायची की लोक तिथल्या तिथे खोली बुक करायचे. मॅडम म्हणायच्या, तुझ्या आवाजावर अर्धं हॉटेल भरतं. यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. पूलसुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझं आडनाव ऐकून विचारलं होतं, “म्हणजे मूळचं काम काय तुमचं?” मी म्हटलं, चामड्याचं. आमचे लोक शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर खोगीरं शिवत इकडे कन्नड मुलखात आले आणि इथेच राहिले. अप्पा राजाजीनगरात एका कारखान्याच्या गेटसमोर चपला शिवतात. मॅडम “अच्छा” म्हणाल्या. ड्युटीच्या यादीत बाकीच्या मुलींची आडनावं लागली. माझं नुसतं पहिलं नाव.

तरी मी खूश होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते.

मग सहाशे चौदाचं झालं. आम्ही पाहुण्यांना खोलीच्या नंबरानं ओळखायचो. सहाशे चौदामध्ये एक जर्मन इंजिनियर होता, साठीच्या पुढचा. व्हाइटफील्डला नवीन कारखाना उभा राहत होता, त्यासाठी आलेला. एका दुपारी त्याच्या खोलीचा दिवा बोर्डावर पेटला. मी उचललं. बोलणं नाही. नुसता श्वास, घरघर लागलेला. दुसऱ्या लाइनवर मी हॉटेलच्या डॉक्टरला कळवलं, ड्युटी मॅनेजरला कळवलं. खोलीला आतून कडी होती. कडी तोडेपर्यंत त्याला जागं ठेव, असं डॉक्टर म्हणाले.

मी बोलत राहिले. सर, मी आहे. सर, माणसं येतायत. घाबरू नका. एवढ्यावरच माझं इंग्रजी संपलं. माझं इंग्रजी म्हणजे ते छापलेलं पुस्तक. मग मी तेच सुरू केलं. सर, आमच्याकडे बागेत स्विमिंग पूल आहे. सर, आमच्याकडे टेनिस कोर्ट आहे. सर, कॉफी शॉप चोवीस तास उघडं असतं. मरणाऱ्या माणसाला मी हॉटेल ऐकवत होते. थांबले की श्वास मंद व्हायचा, म्हणून थांबले नाही. शेवटी दार तोडल्याचा आवाज आला.

माणूस वाचला. मायदेशी गेला. काही महिन्यांनी बायकोला घेऊन परत आला. आधी पत्र पाठवलं होतं, मला त्या मुलीचे आभार मानायचे आहेत म्हणून. हॉटेलनं हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला. पेपरवाले बोलावले.

मी घरी सांगून बसले होते. अप्पांनी माझ्यासाठी नवीन चपला शिवल्या. शेजारच्या पार्वतक्कानं तिची मोरपंखी साडी काढून ठेवली.

आणि मग ती केबिन. मॅडम पुढे म्हणाल्या, “कावेरीला सगळं नीट सांग. काय काय बोललीस, कशानंतर काय. ती विसरता कामा नये.”

मी सांगितलं. वाक्यामागून वाक्य. कावेरी वहीत उतरवून घेत होती. स्विमिंग पूलच्या वाक्याशी आल्यावर तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, “अक्का, मी नाही मागितलं हे.” मी म्हटलं, “लिही.”

मला काही वाटत नव्हतं. राग नाही, रडू नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं.

“आणि तो इथे आहे तोवर चार दिवस तू पगारी रजेवर,” मॅडम म्हणाल्या. “तो ऑपरेटरसाठी शून्य फिरवणार, फोन तू उचलणार, नसता घोळ.”

म्हणजे तोंड तर नकोच. आता आवाजही नको.

घरी मी कार्यक्रम पुढे ढकलला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या गिऱ्हाइकानं पेपर आणून दिला. फोटोत तो म्हातारा रडत होता. कावेरीचे दोन्ही हात त्याच्या हातात. खाली लिहिलं होतं, प्राण वाचवणारा आवाज. अप्पांनी पेपर बराच वेळ धरला. मग विचारलं, “ही कोण पोरगी?”

मी सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली. “जाऊंदे,” म्हणाले. “नोकरी हाय नं अजून?”

अप्पांचं ते वाक्य मला लागलं. मॅडमचं लागलं नव्हतं. अप्पा आयुष्यभर लोकांच्या पायाशी बसले, वर मान करून कुणाशी भांडले नाहीत. मला दिसलं की मीही तेच केलं. फक्त इंग्रजीत केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोरपंखी साडी नेसले, नवीन चपला घातल्या आणि हॉटेलच्या पुढच्या दारातून आत गेले. दरवाज्यावरच्या माणसानं मला ओळखलं नाही. त्यानं सलाम करून दार उघडलं. सहा वर्षांत पहिल्यांदा लॉबी बघितली. मोठी होती. फुलं होती. त्यापलीकडे काही वाटलं नाही. कोपऱ्यात पाहुण्यांसाठी फोन ठेवला होता. याही खेपेला तो त्याच खोलीत उतरला होता. मी सहाशे चौदा फिरवलं.

“गुड मॉर्निंग सर,” मी म्हटलं. “आमच्याकडे बागेत स्विमिंग पूल आहे. आमच्याकडे टेनिस कोर्ट आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, “कोण आहेस तू?”

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. खाली उभी आहे, असं सांगितलं.

तो आला, बायकोही आली. लिफ्टमधून बाहेर पडून त्याची नजर माझ्यावरून पुढे गेली, कावेरी होती त्या काउंटरकडे. मी हात वर केला. तो जवळ आला. त्यानं माझा चेहरा पाहिला. हात मिळवला आणि लगेच सोडला. त्याचं रडून झालं होतं. एवढ्यात मॅडम आल्या. हसत इंग्रजीत म्हणाल्या, “सर, आमच्याकडे सगळे मिळूनच काम करतात.” त्यानं मान हलवली. त्याला बरं वाटलेलं मी पाहिलं. बायको मात्र मागे वळून वळून माझ्याकडे बघत गेली.

ती दोघं गेल्यावर मॅडम मराठीत म्हणाल्या, “शोभतं का तुला हे? चल, मागच्या दारानं बाहेर हो.”

मी कन्नडमध्ये उत्तर दिलं. सामान उचलणारे, दारावरचा, फरशी पुसणारी, सगळ्यांना कळावं म्हणून. “दनी नंदु. मुखानू नंदे.” आवाज माझा आहे. तोंडही माझंच आहे.

आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

आठवड्यात पत्र आलं. रजेवर असताना पाहुण्याला त्रास दिला, कामावरून कमी. अप्पा म्हणाले, “स्वल्प पाया पड, घेतील परत.” मी नाही म्हटलं. ते दोन दिवस जेवले नाहीत. मी जेवले.

मी कामगार कोर्टात गेले. कावेरीला साक्षीला बोलावलं, ती आली नाही. तिच्या पगारावर कूर्गचं घर चालतं. मी तिला दोष देत नाही, पण माफही केलेलं नाही. आता मी येलहंकाजवळ एका ट्रान्स्पोर्ट कंपनीत काम करते. माझं टेबल दारातच आहे. येणाऱ्याला आधी माझं तोंड दिसतं.

केसचं हे चौथं वर्ष. गेल्या तारखेला हॉटेलच्या वकिलानं टाइप केलेला कागद पुढे केला. कामावर परत घेतो, त्याच बोर्डावर. फक्त घडल्या प्रकाराबद्दल माफी मागते, एवढ्यावर सही. माझा वकील म्हणाला, “विचार करा. हराल तर हेही जाईल.”

मी कागद दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला. मग कारकुनाला पुढची तारीख विचारली.