आमच्या घरची उन्हाळी

आमच्या माहेरी, धारूरला, लघवीला लाल झालं की त्याला एकच नाव होतं, उन्हाळी लागली. वडिलांना लागायची, चुलत्यांना लागायची. डोंगरावरचं ऊन बाधलं म्हणायचे अन् धन्याचं पाणी प्यायचे. वडील किडनी खराब होऊन गेले. ती कशानं खराब झाली, हे विचारायची अक्कल आमच्यातल्या एकालाही झाली नाही.

मग थोरल्या भावाला उन्हाळी लागली, तीही ऐन थंडीत. तरी वहिनीनं धनेच भिजवले! शेवटी सोनोग्राफी केली, तर दोन्ही किडन्यांत गाठी. कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घराण्यात आधी कुणाला होता का? मी ठासून सांगितलं, कुणालाच नाही. भाऊ हळूच म्हणाला, "उन्हाळी तेवढी समद्यांना लागती."

बाईंनी पेन खाली ठेवला. मग समजावून सांगितलं, ती उन्हाळी नव्हे, लघवीतून रक्त जात असणार. गाठ होऊ न देणारं एक जनुक असतं, त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. आमच्यात बापाची बिघडलेलीच आली असावी. किडनीतल्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की त्या पेशीला श्वास कोंडल्याचा खोटाच भास होतो आणि ती रक्तवाहिन्या वाढवत सुटते. पुढचं मला धड ऐकू आलं नाही. लेकराकडं ती प्रत जायची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी, एवढं मात्र ऐकलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, लग्नात तुझं कूळ बदललं, माहेरचं तुला कशाला चिकटतंय? म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो. पण तपासणीला रक्त देऊन आले. रिपोर्ट येईपर्यंत लई भ्याले. माझं काय, अर्धं आयुष्य झालं. लेक अजून बीडात क्लासला जाते.

रिपोर्टात बिघडलेली प्रत निघाली. बाई म्हणाल्या, लेकीचीही तपासणी करा, लवकर कळलं तर गाठ लहान असतानाच काढता येते. मी हो म्हणाले अन् घरी येऊन तोंड शिवून बसले. पोरीला काय सांगू, तुला मी काय दिलंय म्हणून?

परवा ती क्लासहून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आज्जी, मला उन्हाळी लागली वाटतं."

सासूबाई धन्याचा डबा काढायला उठल्या. मी डबा त्यांच्या हातातून घेतला.

"धने ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "चप्पल घाल गं. दवाखान्यात जायचंय."

लेक हसली. "उन्हाळीला कुणी दवाखान्यात जातं का, आई?"