जावेची ट्रीटमेंट आणि माझं चमचाभर दही

विजेचा शॉक म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जुने सिनेमे यायचे. हातपाय बांधलेला माणूस, किंकाळ्या, वगैरे. माझ्याही यायचे, खोटं कशाला बोलू? म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझ्या धाकट्या जावेला तेच सुचवलं तेव्हा मी आधी विचारलं, "दुसरं काही नाही का हो?"

दुसरं सगळं करून झालं होतं. लेकीचं बाळंतपण, नातवाचं बारसं आटोपून ती लेकीकडून, इलेक्ट्रॉनिक सिटीहून, घरी परतली आणि हळूहळू मिटतच गेली. एरवी आम्ही दोघी मराठी-कन्नडची खिचडी करून दिवसभर भांडणाऱ्या. तीच आता भिंतीकडे तोंड करून पडायची. गोळ्या झाल्या, बदलून झाल्या. मग जेवण सुटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबायला वेळ नाही. भूल देऊन करतात, त्यांना कळणारही नाही. पण अलीकडच्या काही आठवणी जातील, त्यातल्या काही परत येणार नाहीत." हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

भावोजींचा बसेना. "वहिनी, मलाच विसरली तर?"

"तुम्हाला विसरायला तिला शॉक कशाला हवा? मागे एका लग्नाला निघताना तुम्हाला बरोबर न्यायचंसुद्धा विसरली होती ना!"

हसले बिचारे, आणि डोळे पुसत सही केली.

पहिल्या दिवशी सकाळी वॉर्डात मी होते. रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असं नर्सने बजावलेलं. मी कॉफी दिली नाही, पाणी दिलं नाही. पण दही-साखर म्हणजे का खाणं झालं? आमच्याकडे परीक्षेला, परगावी, कुठंही निघालेल्याच्या हातावर ती पडतेच. मी डबीतून नेलीच होती. व्हीलचेअर आली तसा चमचा तिच्या ओठांशी नेला. आणि काय सांगू, इतके दिवस दात आवळून बसणारीनं तोंड उघडलं! गिळलंसुद्धा! मी आनंदानं नर्सलाच हाक मारली, "सिस्टर, खाल्लं बघा तिनं!"

नर्सचा चेहरा उतरला. "अज्जी, काय दिलंत?"

"स्वल्पच. दही."

"स्वल्प असो नाहीतर वाटीभर! भुलीत उलटी होऊन छातीत गेली असती म्हणजे?"

त्या दिवशीचं रद्द. पुढची पाळी दोन दिवसांनी.

भावोजी धावत आले. "देवालाच मान्य नाही, वहिनी. कागद परत घेतो. घरी नेऊ तिला."

मी आयुष्यात दिरावर ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले. "माझ्या मूर्खपणाचं खापर देवावर फोडू नका. तिचे दोन दिवस मी घालवले. उरलेले तुम्ही घालवू नका."

ते बाकावर बसले. पण कागद मागायला गेले नाहीत.

ते दोन दिवस तिनं सलाईनवर काढले. मग झालं. किंकाळी नाही, काही नाही, थोड्या वेळानं झोपलेलीच बाहेर आणली. जाग आली तेव्हा डोकं दुखत होतं एवढंच. पहिल्यानं काही फरक नाही, दुसऱ्यानंही नाही. चौथ्या खेपेनंतर मी तिची वेणी घालत होते, तर आवाज आला, "अक्का, हळू ओढ की! केस आहेत, नारळाच्या शेंड्या नव्हेत."

मी फणी हातात घेऊनच भावोजींना बोलवायला धावले.

लोक अजून विचारतात, बरोबर केलंत का. मी म्हणते, तिला विचारा. कारण बारसं तिच्या डोक्यातून गेलं ते गेलंच. कधीकधी चिडते, "माझ्या नातवाचं होतं ते!" मग मी फोनवरचे फोटो काढते.

"ही साडी मला कोणी नेसवली?"

"तूच नेसलीस."

"पाळणा कोणी म्हटला?"

"तूच. बेसूर."

"बेसूर तू असशील. सांग पुढं."

मी सांगते, जरा मीठमसाला लावूनच सांगते. तिला कुठं आठवतंय! तर परवा मला मध्येच थांबवून म्हणाली, "अक्का, गेल्या वेळी सांगितलंस तेव्हा मी चार लाडू खाल्ले होते. आज सहा कसे झाले?"